कॅरव्हॅनला दुसरा एसी? आधी छतातली फट बघा: उन्हाळा-पावसाळा वापरानंतरचा अनुभव

मागच्या बेडपर्यंत गारवा पोचत नाही अशी मे महिन्यात तक्रार केली, तर सर्व्हिसवाल्यांनी एसीचं झाकण न उघडताच दुसऱ्या रूफटॉप एसीचं कोटेशन पाठवलं. कारण काय, तर गाडी लांब आहे. गाडी फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनच्या लांब मॉडेलवर बांधलेली, वर 13,500 बीटीयू (गार करण्याच्या ताकदीचं माप) इतका एकच एसी, म्हणजे टनाहून थोडा जास्तच. एवढ्या केबिनला तो कमी पडत असेल तर का पडतो हे मोजून दाखवायला हवं होतं. एकही आकडा न घेता खर्च सुचवणं मला पटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मोजायला वायरवाला साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. खिडक्या बंद, पंखा हाय, एसी अर्धा तास चालू ठेवायचा. मग एक माप फिल्टरच्या जाळीपाशी, म्हणजे हवा आत ओढली जाते तिथे, आणि दुसरं एसीच्या सगळ्यात जवळच्या फुंकणाऱ्या जाळीत. फरक 8 ते 11 अंश आला तर मशीन ठणठणीत आहे. दमट हवेत फरक थोडा कमी येतो, तेवढी सूट द्यावी. तिसरं माप सगळ्यात लांबच्या जाळीत घ्यायचं, आणि खरी गोम तिथेच कळते. माझ्याकडे फिल्टरपाशी 27, जवळच्या जाळीत 17, पण बेडवरच्या जाळीत 20 आणि झोतही मरतुकडा. मशीन गार हवा करत होतं, ती बेडपर्यंत पोचत नव्हती.

आता ती फट. छतावरच्या 14 बाय 14 इंचाच्या भोकाखाली एक खोकं असतं. त्याच्या मधल्या पडद्याच्या एका बाजूने गार हवा डक्टमध्ये, म्हणजे छतातून जाळ्यांपर्यंत जाणाऱ्या हवेच्या वाटेत जाते, दुसऱ्या बाजूने खोलीतली हवा वर ओढली जाते. हा पडदा छताला नीट टेकलेला नसेल तर गार हवा डक्टमध्ये न जाता तिथल्या तिथे परत ओढली जाते. एसी आपलीच हवा गिळत बसतो. थर्मोस्टॅटला खोली गार झाल्यासारखी वाटते आणि कॉम्प्रेसर लवकर बंद पडतो. माझ्या गाडीत पडद्याच्या वर अख्खं बोट जाईल एवढी फट होती, शिवाय डक्टच्या तोंडाशी काचलोकर उघडी. गळक्या टाकीला दुसरी मोटर जोडावी तसा हा दुसरा एसी झाला असता.

दुरुस्ती अशी. बाहेरचा प्लग काढा आणि इन्व्हर्टरही बंद करा, दोन्ही. खालचं झाकण उतरवा, कडा स्पिरिटने पुसून कोरड्या करा. फटीच्या मापाचा एक्सएलपीई फोमचा (घट्ट, पाणी न शोषणारा फोम) तुकडा कापून दाबून बसवा आणि सांध्यावर ॲल्युमिनियम फॉइल टेप लावा. कापडी टेप नको, उन्हात तिचा गोंद सुटतो. डक्टच्या तोंडाच्या चारही कडा त्याच टेपने मढवा. कॉइलच्या पात्यांत खोचलेल्या बारीक सेन्सरला मात्र हात लावू नका, तो कॉइलवर बर्फ धरू देत नाही. झाकण उघडलंच आहे तर एसी छताला धरून ठेवणारे चारही बोल्ट बघा. एसी आणि छत यांच्यामधलं इंचाचं गॅस्केट (पाणी अडवणारी मऊ पट्टी) दबून साधारण अर्धा इंच राहायला हवं. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. ढिले राहिले तर पावसात गळतं, जास्त आवळले तर छताचा पत्रा वाकतो. टेप आणि फोम उद्यमनगरासारख्या औद्योगिक वसाहतीत मिळून जातो, खर्च काही शे रुपये. नंतर बेडवरच्या जाळीत 16 आले.

त्याआधी सोलापूरकडच्या उन्हात उभ्या गाडीत दुसरा एसी हवाच असं माझंही मत होतं. फट बुजल्यावर ते बदललं. बाहेर 42 अंश असताना आत 27-28 टिकतात, अट एवढीच की समोरची काच बाहेरून झाकलेली हवी. आतून लावलेला पडदा फारसा उपयोगाचा नाही, ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. ड्रायव्हर केबिन आणि मागच्या भागात जाड शिवलेला पडदाही हवा.

पावसाळ्यात मालवणला गेल्यावर तर शंकाच उरली नाही. तिथे त्रास घामाचा, तापमानाचा कमी. गरजेपेक्षा मोठी मशिनरी खोली पटकन गार करून बंद पडते आणि ओल तशीच राहते. एकच एसी जास्त वेळ चालला तर पाणी जास्त काढतो. पंखा ‘ऑटो’वर ठेवा. सतत चालू ठेवला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत जातं.

दुसऱ्या एसीचा विजेचा हिशेबही कोटेशनमध्ये नव्हता. अमेरिकन व्हिडिओ बघून ठरवू नका. तिकडे 50 अँपिअरच्या जोडणीवर 12,000 वॅट मिळतात, आपल्याकडे 16 अँपिअरच्या प्लगवर जेमतेम 3,680. एक एसी 1,400 वॅट धरला तर दोघांचे 2,800, वर चार्जर आणि इंडक्शन लावलं की एमसीबी पडणार. कॉम्प्रेसर उठताना क्षणभर 30 अँपिअरच्या आसपास ओढतो. 1.5 चौरस मिमीची 30 मीटर वायर असेल तर तेवढ्यात सुमारे 22 व्होल्ट गळतात, आणि शेतघरावर मुळातच 200 व्होल्ट असतील तर कॉम्प्रेसर गुरगुरून ट्रिप होतो. वायर 4 चौरस मिमीची घ्या, आणि पैसे घालायचेच असतील तर सॉफ्ट स्टार्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसर उठतानाचा झटका कमी करणाऱ्या उपकरणात घाला. 5 युनिटच्या लिथियम बॅटरीवर एक एसी सलग तीन तास जातो, दोन लावले तर दीड. शिवाय छतावर 35-40 किलो वाढतात आणि सोलर पॅनेलची जागा जाते.

दुसरा एसी खरंच लागतो तो बसच्या चॅसिसवरच्या लांब गाडीत, जिथे मागची बेडरूम दार लावून वेगळी होते. तिथेही दोन्ही एसींना वेगवेगळं सर्किट द्या.

कोणी कोटेशन दिलं तर तिन्ही जाळ्यांची मापं जॉबकार्डावर लिहून मागा. लिहून मिळेपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका. आणि टेप दर वर्षी गुढीपाडव्याच्या आधी एकदा तपासा, खराब रस्त्यांच्या हादऱ्यांनी कडा सुटतात.