ऑफसेट न विचारता क्लॅम्प बनवणाऱ्याने घेतलेले ४३,२१० रुपये

७०७५ या मजबूत जातीच्या अॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कापलेला ट्रिपल क्लॅम्प (मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कच्या दोन्ही नळ्या वर आणि खाली धरून ठेवणारा जोड) देतो असे सांगून मला ओतीव अॅल्युमिनियमचा, काळा रंग मारलेला एक निरुपयोगी जोड पाठवण्यात आला आणि त्यासाठी माझ्याकडून ४३,२१० रुपये घेण्यात आले. हे लिहायला मला चार महिने लागले, कारण पैशांपेक्षा लाज मोठी होती. राजापूर आणि देवगड यांच्या मधल्या किनाऱ्यावर माझी लेथची छोटी कार्यशाळा आहे. मच्छीमार नौकांचे शाफ्ट, गनमेटलचे बुश आणि पंख्याचे कीवे ही माझी एकोणीस वर्षांची रोजची कामे आहेत. ज्याच्या हातात दिवसभर मायक्रोमीटर असतो, तोच माणूस मशिनिंगच्या कामात फसला, हे बंदरावर कोणत्या तोंडाने सांगायचे?

माझ्याकडे एक्सपल्स २०० ही मोटरसायकल आहे. ती मी आमच्या सड्यावर चालवतो. जांभ्याच्या कातळावर पायऱ्या-पायऱ्यांचे उतार असतात, आणि मूळचा ३७ मिलिमीटरचा फोर्क तिथे वारंवार तळाला आपटत असे. म्हणून मी एका जुन्या मोटोक्रॉस गाडीचे उलटे फोर्क मिळवले. ते बसवायचे तर क्लॅम्प नवाच हवा, कारण अशा फोर्कची नळी वर आणि खाली वेगवेगळ्या मापाची असते. माझ्या फोर्कवर ती माप घेतल्यावर वर ५० आणि खाली ५४ मिलिमीटर भरली. वरच्या आणि खालच्या क्लॅम्पची भोके एका रेषेत आणि एकमेकांना समांतर हवीत. ती जराशी जरी तिरकी गेली, तरी फोर्क अडकून चालतो. हे काम व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर करतात. माझ्या लेथवर ते होण्यासारखे नाही आणि आमच्या पट्ट्यात असे मशीन असलेला कोणीही मला ठाऊक नव्हता. मी बाहेरचा माणूस शोधला तो या कारणाने; हौसेखातर किंवा स्वस्ताईला भुलून शोधला नाही.

मला जो माणूस सापडला, तो घाटावरच्या एका औद्योगिक वसाहतीत आपले सीएनसीचे, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनचे वर्कशॉप असल्याचे सांगत असे. आधी मार्चमध्ये मी त्याच्याकडून हँडलबार उंच करणारे रायझर ३,२०० रुपयांना मागवले. ते नऊ दिवसांत आले, नीट बसले आणि त्यांचे फिनिशिंगही चांगले होते. पुढे कळले की तसेच रायझर तयार मिळतात आणि बरेच कमी किमतीत मिळतात. पहिली छोटी वस्तू वेळेवर देणे हा या धंद्यातला जुना गळ आहे, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असेल. मलाही माहीत होते. तरीही वस्तू स्वतःच्या हातात आल्यावर माणसाचा विश्वास बसतोच, आणि त्याबद्दल मी स्वतःला फार दोष देणार नाही.

क्लॅम्पच्या जोडाचा भाव २६,५०० रुपये ठरला. १२ एप्रिलला मी निम्मे, म्हणजे १३,२५० रुपये पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव आले ते वर्कशॉपचे नव्हते आणि त्याचेही नव्हते, एका बाईचे होते. विचारले तेव्हा “दादा, वहिनीचे खाते आहे, फर्मच्या खात्याचे काम चालू आहे,” असे उत्तर मिळाले. पैसे जाण्याआधी दिसणारे ते नाव वाचा, आणि ते बिलावरच्या नावाशी जुळत नसेल तर तिथेच थांबा.

आता ज्या संध्याकाळी मला सगळे कळायला हवे होते, त्या संध्याकाळविषयी लिहितो. १५ एप्रिलला त्याने एक व्हिडिओ पाठवला. मशीनच्या व्हाइसमध्ये चकचकीत ठोकळा पकडलेला, त्यावर कूलंटची धार आणि फिरणारे टूल, आणि खाली ओळ अशी की “दादा, तुमचा जॉब चढला.” माझा पुतण्या डिप्लोमाला आहे आणि सुट्टीत माझ्याकडे काम शिकतो. तो माझ्या मागे उभा राहून व्हिडिओ पाहत होता. त्याने विचारले, “काका, तेना ऑफसेट इचारल्यान काय?”

विचारला नव्हता. स्टेअरिंग स्टेमचा (ज्याच्याभोवती हँडल वळते त्या मधल्या दांडीचा) मध्य आणि दोन्ही फोर्कच्या मध्यांना जोडणारी रेषा यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. क्लॅम्पच्या कामात हे माप सगळ्यात आधी विचारले जाते, कारण ते कमी झाले की ट्रेल (स्टेअरिंगची रेषा जमिनीला मिळते तो बिंदू आणि चाक टेकते तो बिंदू यांतले अंतर) वाढतो आणि हँडल जड होते. ते वाढले की गाडी पुढून चंचल होते. हे माप ठरल्याशिवाय कोणालाही प्रोग्रॅम लिहिता येत नाही, कारण मधले भोक कुठे मारायचे हेच ठरत नाही. मी त्याला भोकांची मापे दिली होती, पण ऑफसेट अजून मोजतच होतो, आणि पक्के ड्रॉइंग रविवारी पाठवतो असे कळवलेही होते. म्हणजे माप नसलेला जॉब मशीनवर चढला होता. बेअरिंगचे नंबर आणि स्टेमची लांबी याही गोष्टी त्याने विचारल्या नव्हत्या. माझ्याकडे कोणी शाफ्ट करायला आला आणि मी व्यास न विचारता टर्निंग सुरू केले, तर तो गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल.

आणि मी काय केले, तर पुतण्यावर खेकसलो. “त्याने मूळ गाडीचा ऑफसेट धरला असेल, तुला काय कळते त्यातले,” असे मी त्याला म्हणालो. हे वाक्य मला आजही रात्री आठवते. मासेमारीबंदी १ जूनला लागते. तेव्हा नौका वर ओढल्या जातात आणि दुरुस्तीची कामे दोन महिने श्वास घेऊ देत नाहीत. त्याआधी गाडी तयार व्हावी ही घाई माझ्या डोक्यात होती. रविवारी मी ड्रॉइंग पाठवले. त्यावर अंगठ्याचे एक चिन्ह आले, एकही प्रश्न आला नाही. जो कारागीर ड्रॉइंगवर एकही प्रश्न विचारत नाही, त्याने ते उघडूनही पाहिलेले नसते.

पुढचे पैसे नेहमीच्या पद्धतीने गेले. १९ एप्रिलला ठोकळ्याचा भाव वाढला म्हणून ६,८०० रुपये, ३ मे रोजी अॅनोडायझिंगवाला एका नगाचे काम घेत नाही, पूर्ण बॅचचे पैसे मागतो म्हणून ४,५०० रुपये, आणि १४ मे रोजी माल तयार असल्याचे सांगून उरलेले १३,२५० व पूर्ण २६,५०० वर अठरा टक्के जीएसटीचे ४,७७० रुपये. प्रत्येक वेळी रक्कम अशी असे की आधी गेलेल्या पैशांसाठी ती देऊन टाकावीशी वाटावी. २२ मे रोजी ट्रान्सपोर्टच्या गोडाउनमधून पार्सल सोडवताना भाड्याचे ६४० रुपयेही माझ्याच माथी पडले.

खोके उघडल्यावर पहिल्यांदा काही वाटले नाही. वजन हातावर बरोबर वाटले, आणि वजनावरून हा फरक ओळखूही येत नाही, कारण ओतीव आणि ७०७५ यांच्या घनतेत फारच थोडा फरक असतो. मग मी फोर्कची नळी वरच्या भोकात घातली आणि ती सरळ खाली घसरली. बोअर गेज लावला तर भोक ५०.६ मिलिमीटर भरले. स्टेम क्लॅम्पमध्ये दाबून घट्ट बसवलेला असायला हवा, तो हाताने पिळल्यावर फिरला. मी फडक्यावर थिनर घेऊन कड पुसली, तेव्हा फडके काळे झाले. अॅनोडायझिंग हा धातूच्याच पृष्ठभागाचा थर असतो, तो थिनरने निघत नाही. रंगाखाली बाजूच्या मध्यावरून गेलेली ओतकामाची जोडरेघ दिसली, फाइलने घासून बुजवलेली, पण बोटाच्या नखाला लागणारी. बाकावर तो तुकडा ठेवून मी बराच वेळ नुसता उभा होतो. याच क्लॅम्पवर पुढचे अख्खे चाक तोललेले असते, आणि भोक थोडे लहान निघाले असते तर मी तो गाडीला लावून सड्यावर गेलोही असतो.

दोन दिवसांनी त्याचा फोन बंद झाला. तक्रार तोंडी राहू नये म्हणून मी अणुस्कुरा घाटातून कोल्हापूरला जाऊन तुकड्याची रासायनिक तपासणी करून घेतली. फौंड्रींचे गाव असल्याने तिथे ही सोय सहज मिळते. ९०० रुपये लागले, ते वरच्या रकमेत धरलेले नाहीत. अहवालात सिलिकॉन १०.२ टक्के आणि जस्त ०.९ टक्के आले. खऱ्या ७०७५ मध्ये जस्त ५.१ ते ६.१ टक्के असते आणि सिलिकॉन ०.४ टक्क्याच्या वर जात नाही. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा होता, हे मला आजपर्यंत कोणीही सांगितलेले नाही.

हा अहवाल, पाचही व्यवहारांचे कागद आणि सगळे संदेश छापून मी पोलिसांकडे गेलो. पहिल्या ठिकाणी सांगण्यात आले की हा देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणीत जा. मी म्हटले की वस्तू एक सांगून दुसरी देणे ही फसवणूकच आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये ती बसते. त्यावर मला विचारण्यात आले की फोर्क बदलायला आरटीओची परवानगी घेतली होती का. मी गप्प झालो. गाडीत बदल करण्याचे नियम मला मान्य आहेत आणि त्याबद्दल मला स्वतंत्रपणे विचारावे, मी उत्तर देईन. पण त्यामुळे दुसऱ्याने माझे पैसे लुबाडणे योग्य ठरते का? दुसऱ्या ठिकाणी सांगितले की आरोपी घाटावरचा आहे, तिकडे तक्रार द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील पान पुढे ठेवून दाखवले, तेव्हा साहेब जेवायला गेले आहेत असे कळले. तिसऱ्या ठिकाणचे वाक्य मला सर्वांत जास्त लागले: “पैसे तुम्हीच पाठवलेत, पार्सलही आले, मग फसवणूक कुठे झाली?” म्हणजे काहीच न पाठवणारा चोर ठरतो आणि खोक्यात भंगार घालून पाठवणारा व्यापारी ठरतो. मी कामाचे एकूण सहा दिवस बाकड्यांवर बसून घालवले, तेही बंदीच्या हंगामात, जेव्हा माझ्या दारात चार नौकांचे शाफ्ट पडून होते.

बँकेने एका ओळीचे पत्र दिले की व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून मंजूर केलेला असल्याने परतावा देता येत नाही. समोरच्या खात्यात किती शिल्लक आहे, हे विचारायचीही सोय नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर मी शेवटचे पैसे गेल्यानंतर बावीस दिवसांनी फोन केला. हा उशीर माझा, त्याचा दोष मी कोणाला देत नाही. पैसे खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात, त्यामुळे संशय आला त्या तासालाच फोन करा. पार्सलची वाट पाहू नका.

बिलावरचा जीएसटी क्रमांक मी सगळे संपल्यावर तपासला. तो एका कापड दुकानाचा होता आणि नोंदणी रद्द झालेली होती. हे शोधायला जीएसटीच्या संकेतस्थळावर दोन मिनिटे लागतात आणि एक पैसाही लागत नाही. ही दोन मिनिटे मी ३,२०० रुपयांच्या रायझरच्या वेळीच काढायला हवी होती. ज्याची नोंदणीच नाही त्याने माझ्याकडून ४,७७० रुपये कर म्हणून घेतले, हे मी संबंधित खात्याला लेखी कळवले. पोचपावतीखेरीज काहीही आले नाही.

धातूचा दावा करणाऱ्याकडून टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (धातूच्या त्या ओतणीचा क्रमांक) ठोकळ्यावर कोरलेल्या नंबराशी जुळतो का, याचा फोटो मागा. मशीनवरचा व्हिडिओ हवा असेल तर कागदावर तुमचे नाव आणि तारीख लिहून तो जॉबशेजारी धरायला सांगा. माझ्याकडे आलेल्या व्हिडिओतल्या ठोकळ्याची जाडी माझ्या ड्रॉइंगमधल्या जाडीच्या निम्मी होती, हे मला नंतर थांबवून पाहिल्यावर दिसले. अॅडव्हान्स द्यायचाच असेल तर ठोकळ्याच्या किमतीइतकाच द्या. आणि घरातले लहान माणूस काही विचारत असेल तर त्याच्यावर खेकसू नका.

ग्राहक आयोगाकडे मी आता तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या कायद्यामुळे ती तक्रारदार राहतो तिथे करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अडचण नोटिशीची आहे, कारण बिलावरच्या पत्त्यावर टायरचे दुकान निघाले. ज्या खात्यात पैसे गेले त्याच्या मालकाचा पत्ता बँकेकडून मागवावा, असा अर्ज मी दिला आहे आणि त्यावर अजून आदेश झालेला नाही. त्या क्लॅम्पवाल्याचा जुना क्रमांक बंद असला तरी तो माणूस बंद झालेला नाही. गेल्या आठवड्यात गोव्याच्या एका ओळखीच्या रायडरला स्विंगआर्म लिंकेजसाठी (मागच्या सस्पेन्शनच्या एका जोडासाठी) हुबेहूब तोच व्हिडिओ आला: व्हाइसच्या डाव्या जबड्याला पिवळा रंग लागलेला, मागे निळ्या मुठीची चक-चावी लटकलेली, आणि खाली तीच ओळ, “दादा, तुमचा जॉब चढला.” त्याने अजून मापे पाठवलेली नव्हती. मी त्याला लगेच फोन केला, आणि त्याचे ९,००० रुपये वाचले.