गुडघेदुखीच्या "आयुर्वेदिक" पुड्या आणि आईचं आयसीयू – प्लीज वाचा

आमच्या तालुक्याला बाजाराच्या दिवशी एक माणूस गाडी लावून बसतो, गुडघे, कंबर, संधिवात सगळ्यावर एकच औषध, शंभर टक्के जडीबुटी, साइड इफेक्ट झीरो. आईचे गुडघे खूप दुखायचे म्हणून शेजारच्या काकूंनी तिला नेलं. करड्या रंगाची पावडर, कागदाच्या साध्या पुड्या, वर ना कंपनीचं नाव ना लायसन्स नंबर ना बॅच नंबर, बिल तर नाहीच. पण तिसऱ्या दिवशी आई जिना चढायला लागली! मग काय, तो देव झाला सगळ्यांसाठी.

पुढचे कितीतरी महिने ती रोज पुडी घेत होती. भूक वाढली, चेहरा गोल गरगरीत झाला, पोट सुटलं, बायका म्हणायच्या तब्येत छान सुधारली हो. पण हातपाय मात्र काड्या होत चालले होते. बांगड्या भरताना कासारणीने हात जरा दाबला तर तिथे जांभळे डाग उठले आणि ते आठवडाभर गेले नाहीत. खाली बसली की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येईना. शुगर कधीच नव्हती तीही निघाली. त्या माणसाला विचारलं तर म्हणे शरीरातली घाण बाहेर पडतेय, डोस वाढवा.

मग दिवाळीत तो आलाच नाही आणि पुड्या संपल्या. चार-पाच दिवसांत आईला उलट्या, अंगात त्राण नाही, बीपी एकदम खाली, बोलणं असंबद्ध. हॉस्पिटलमध्ये रक्तातलं सोडियम (मीठ) खूपच कमी, 122 आलं, सलाईन लावूनही बीपी वर येईना. तिथल्या डॉक्टरांनी तिचा चेहरा आणि हातावरचे डाग बघून पहिला प्रश्न विचारला, "मावशी, कसली पुडी घेत होता का?" रक्त घेऊन रिपोर्टची वाट न बघता लगेच हायड्रोकॉर्टिसोनचं (हे एक स्टिरॉइडच) इंजेक्शन दिलं आणि काही तासांत बीपी सावरलं.

नंतर हार्मोन्सच्या डॉक्टरांनी समजावलं. किडनीच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसॉल बनवतात, आणि ते हार्मोन नसेल तर साध्या तापातही माणूस दगावू शकतो. पुडीत स्टिरॉइड, म्हणजे याच कॉर्टिसॉलसारखं काम करणारं औषध, मिसळलेलं असतं, म्हणून तर आराम इतका झटपट. रोज दारात टँकर येतोय म्हटल्यावर विहीर कोण उपसणार, तसं बाहेरून रोज स्टिरॉइड मिळालं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ऑर्डर देणंच बंद करते आणि त्या दोन ग्रंथी झोपतात. पुडी अचानक थांबली की शरीराकडे काहीच उरत नाही. आईचं सकाळी 8 चं कॉर्टिसॉल 1.4 होतं, 3 च्या खाली असलं की ग्रंथी काम करत नाहीत हे जवळपास नक्कीच.

आता तिला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या चालू आहेत, सकाळी उठल्या उठल्या मोठा डोस, दुपारी छोटा. ताप आला तर डोस डबल करायचा, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर थेट इंजेक्शनसाठी हॉस्पिटल, आणि पर्समध्ये कायम चिठ्ठी की या पेशंटला स्टिरॉइड लागतं. ग्रंथी जाग्या व्हायला कधी कधी वर्षही लागतं म्हणे, मधेमधे कॉर्टिसॉल तपासून डोस हळूहळू कमी करतात. साठीच्या बाईला हे सगळं कशासाठी, तर त्या हरामखोराला पुड्या खपवायच्या होत्या. ज्या गोळ्या मेडिकलवाल्यानेसुद्धा चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात त्या हा कुटून जडीबुटी म्हणून विकतो.

उरलेली एक पुडी आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत दिलीय.

हे वाचून घाबरून कुणी घरातल्या पुड्या लगेच बंद करू नका, कळकळीने सांगतेय, आई त्यानेच मरणाच्या दारात गेली होती. ज्यांच्या घरात कुणी महिनोन्महिने असलं काही घेतंय आणि चेहरा गोल झालाय, डाग पडतायत, त्यांनी पुडी सोबत घेऊन एमडी मेडिसिन किंवा हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा आणि लपवू नका, सगळं सांगा. शेजारच्या काकूंनाही आम्ही तसंच नेलं, त्यांचंही कॉर्टिसॉल कमीच निघालं.