आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर लिनक्सवर: वस्तू चांगली, अडतं ते परवानगीपाशी

ठिबकच्या कंट्रोलरला ओलाव्याचा सेन्सर जोडला, वायरिंग तपासलं, तरी पडद्यावर आकडा येत नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ऑटोमेशनची कामं करणाऱ्यांना हे दुखणं माहीत आहे. मल्टिमीटर फक्त व्होल्टेज दाखवतो. तारेवरून कोणते बाइट गेले आणि कोणते आले, हे पाहायला लॉजिक अ‍ॅनालायझर लागतो. आठ चॅनेल, २४ मेगाहर्ट्झची काळी छोटी डबी हजार रुपयांच्या आत मिळते आणि या कामाला पुरून उरते. जळगाव-धुळ्यातल्या दुरुस्तीच्या दुकानांनी आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांनी ती जरूर घ्यावी.

लिनक्सवर ही डबी चालत नाही, ड्रायव्हर मिळत नाही, अशी तक्रार होते. मुळात तिला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. आत सायप्रेस कंपनीची एफएक्स२ ही यूएसबी चिप असते आणि सिग्रोक या मुक्त-स्रोत प्रकल्पाचं सॉफ्टवेअर लिबयूएसबी या यूएसबी हाताळणाऱ्या लायब्ररीमार्फत तिच्याशी थेट बोलतं. अडतं ते दोनच ठिकाणी: फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) आणि परवानगी (उपकरण वापरायला लिनक्सने दिलेली मुभा).

उबंटू किंवा डेबियनवर पल्सव्ह्यू (सिग्नल पडद्यावर दाखवणारं), सिग्रोक-सीएलआय (कमांडवरून चालणारं) आणि सिग्रोक-फर्मवेअर-एफएक्स२एलएएफडब्ल्यू ही तीन पॅकेजं नावानिशी बसवा. तिसरं राहिलं तर स्कॅन करताना फर्मवेअरची फाइल उघडता आली नाही असा संदेश येतो. डबीत स्वतःचं फर्मवेअर साठवलेलं नसतं. दरवेळी जोडल्यावर संगणक ते तिच्या रॅममध्ये भरतो, काढलं की ते पुसलं जातं.

खरी मेख इथेच आहे. जोडल्याबरोबर एलएसयूएसबी या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या कमांडमध्ये ओळख क्रमांक ०९२५:३८८१ दिसतो, शेजारी लेकव्ह्यू रिसर्चचं नाव असतं. फर्मवेअर भरलं की डबी यूएसबीवरून क्षणभर गायब होते आणि १डी५०:६०८सी या नव्या क्रमांकाने परत येते. हाताने युडेव्हचा (लिनक्सच्या उपकरण-परवानगी यंत्रणेचा) नियम लिहिणारे बरेच जण पहिल्याच क्रमांकाला परवानगी देतात. मग फर्मवेअर व्यवस्थित भरलं जातं आणि लगेच लिबयूएसबीची अ‍ॅक्सेस एरर येते. डबी खराब निघाली असं समजून ती परत पाठवली जाते ती याच टप्प्यावर.

पॅकेजमधून बसवलं तर सिग्रोकचे नियम सोबत येतात, हाताने काही लिहावं लागत नाही. अ‍ॅपइमेज (न बसवता चालणारी एकच फाइल) उतरवून चालवणाऱ्यांना मात्र नियम स्वतः ठेवावे लागतात. ईटीसी, युडेव्ह, रूल्स.डी या फोल्डरात ६० ने सुरू होणाऱ्या नावाची फाइल करा. पहिल्या ओळीत सबसिस्टिम यूएसबी, व्हेंडर ०९२५, प्रॉडक्ट ३८८१, मोड ०६६०, ग्रुप प्लगडेव्ह आणि टॅग यूअ‍ॅक्सेस. दुसरी ओळ तशीच, फक्त क्रमांक १डी५० आणि ६०८सी. त्यातली डी आणि सी ही रोमन अक्षरं छोट्या लिपीतलीच हवीत. मोठी लिहिली तर नियम लागू होत नाही आणि चूक कुठे आहे हेही कुणी सांगत नाही. फाइलचा आकडा ७३ पेक्षा कमी ठेवा, कारण यूअ‍ॅक्सेसचा टॅग वाचून परवानगी देणारा नियम ७३ वर आहे. शेवटी युडेव्हअ‍ॅडएमला रीलोड-रूल्स सांगा आणि डबी काढून पुन्हा जोडा.

यूअ‍ॅक्सेसची परवानगी समोर बसून लॉगिन केलेल्यालाच मिळते. शेतातल्या रास्पबेरी पायवर एसएसएचने (नेटवर्कवरून दुरून) शिरणाऱ्याला ती लागू होत नाही. त्याच्यासाठी प्लगडेव्ह ग्रुप हवा, आणि ग्रुपमध्ये नाव घातल्यावर लॉगआउट करून परत आत यायला हवं. सुडो (रूट म्हणजे प्रशासकाचे अधिकार) लावून पल्सव्ह्यू चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. जतन केलेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होऊन बसतात आणि मूळ दोष तसाच राहतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये वापरायची असेल तर यूएसबी फिल्टरही दोन्ही क्रमांकांचे लागतात.

आता मोजमाप. ओलाव्याचे बरेच सेन्सर आरएस-४८५ या ए आणि बी अशा दोन तारांच्या जोडणीवर मॉडबस या भाषेत बोलतात, वेग बहुधा ९६०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट). ए-बी तारांना क्लिप लावू नका. त्या तारा जिला जोडलेल्या असतात त्या मॅक्स४८५ चिपच्या पाय १ वर येणारा डेटा, पाय ४ वर जाणारा, पाय ३ वर दिशा बदलणारा सिग्नल, आणि पाय ५ ला ग्राउंड. एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा असतो, त्यामुळे २०० किलोहर्ट्झचं सॅम्पलिंग (सेकंदाला दोन लाख नोंदी) भरपूर झालं. दहा लाख सॅम्पलमध्ये पाच सेकंद मिळतात. पूर्ण २४ मेगाहर्ट्झवर हबमधून जोडल्यास सॅम्पल गळू शकतात. म्हणून हब टाळा आणि केबल आखूड ठेवा. पल्सव्ह्यूमध्ये बिटांचे बाइट करणाऱ्या यूएआरटी डीकोडरवर मॉडबसचा डीकोडर चढवला की ०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए अशी विचारणा वाचता येते. दिशेचा सिग्नल शेवटचा बाइट संपण्याआधीच खाली आला तर सीआरसी (संदेशाच्या शेवटी असणारा, चूक पकडणारा आकडा) तुटतो, उशिरा आला तर उत्तराचा पहिला बाइट हरवतो. आकडा न दिसण्यामागचं हे कारण मल्टिमीटरवर कधीच सापडलं नसतं. एवढ्या एका कामानेच डबीची किंमत वसूल होते.

इनपुट ५ व्होल्टपर्यंतचेच आहेत. १२ किंवा २४ व्होल्टच्या सोलेनॉइडच्या तारेला लावली की डबी संपली. याहून गंभीर धोका मोटारीच्या मोबाईल स्टार्टरचा. त्यातल्या काही बोर्डांवर ट्रान्सफॉर्मरशिवायचा पुरवठा असतो, म्हणजे बोर्डाचं ग्राउंड थेट मेन्सला जोडलेलं. त्याला अ‍ॅनालायझर लावला तर लॅपटॉपच्या धातूच्या भागांतही करंट उतरतो, बॅटरीवर चालवला तरी. असा बोर्ड मेन्सपासून पूर्ण सोडवावा, वेगळ्या अ‍ॅडॅप्टरने ५ व्होल्ट द्यावेत आणि मगच क्लिप लावाव्यात.

सोबत येणाऱ्या तारांना चिपच्या पायावर पकड नसते, तेव्हा बारीक हूक क्लिपांचा संच त्याच ऑर्डरमध्ये घ्या. ही डबी सॅली (Saleae) कंपनीच्या मूळ उपकरणाची नक्कल आहे. सॅलीचं सॉफ्टवेअर या नकली डबीवर चालवू नये, त्याचा परवाना त्यांच्याच उपकरणापुरता आहे. सोलर पंपाच्या कंट्रोलरमधला रिपल (व्होल्टेजमधला बारीक चढउतार) किंवा सेन्सरचा अ‍ॅनालॉग सिग्नल पाहायचा असेल तर ही डबी उपयोगाची नाही, तिथे ऑसिलोस्कोपच घ्यावा.