जाहिरातीचं बजेट: मेटा की एक्स?

एकाच बजेटमधून मेटाच्या फेसबुक-इन्स्टाग्रामवर किती टाकायचं आणि एक्सवर (म्हणजे आधीच्या ट्विटरवर) किती, हे ठरवताना आपण क्लिक कितीला पडतो ते बघतो. कंपनीचं नाव कितपत खराब झालंय आणि आत कारभार कसा चालतो, हे क्वचितच बघतो. बदनामी दोघांचीही झाली, पण कंबरडं एकाचंच मोडलं. ते का, हे कळलं की निवड सोपी होते.

आधी मेटा. मार्च 2018 मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण फुटलं. 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची माहिती परस्पर तिच्याकडे गेल्याचं फेसबुकनेच कबूल केलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत 5 अब्ज डॉलरचा दंड झाला. आणि उत्पन्न? 2018 मध्ये साधारण 55.8 अब्ज डॉलर, 2019 मध्ये 70.7 अब्ज. जुलै 2020 मध्ये हजारावर जाहिरातदारांनी बहिष्कार घातला, तरी त्या तिमाहीत उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा 22 टक्क्यांनी वाढलं. लिहितानाही हे पटत नाही, पण आकडे असे आहेत.

कारण मेटाचे पैसे लाखो छोट्या जाहिरातदारांकडून येतात. आज शंभर रुपये टाकले तर उद्या किती चौकश्या आल्या, एवढंच त्यांना कळायला हवं असतं. वाट्टेल ते मोजा, वाढ आधी, मोडतोड झाली तर नंतर बघू, ही त्या कंपनीची घडण. त्याच घडणीतून घोटाळे झाले आणि त्याच घडणीतून बाजारातलं सगळ्यात तिखट जाहिरातयंत्रही निघालं. खरा दणका बसला तो अ‍ॅपलमुळे. 2021 पासून आयफोन विचारू लागला, ‘या अ‍ॅपला तुमचा माग काढू द्यायचा का?’ बहुतेकांनी ‘नको’ म्हटलं. फेब्रुवारी 2022 मध्ये एका दिवसात मेटाचा शेअर 26 टक्के कोसळला. माग घटल्याचा त्या वर्षीचा फटका 10 अब्ज डॉलरच्या घरात जाईल, असं कंपनीनेच सांगितलं होतं. पडझडीला टिकटॉकची स्पर्धा आणि मेटाव्हर्स या आभासी जगावरचा खर्चही कारण होता. पण इतकी वर्षं गमावलेल्या विश्वासाचं बिल तेव्हा दुसऱ्याच दाराने आलं, असं मला वाटतं.

एक्सचं गणित उलटं. 2021 मध्ये ट्विटरचं उत्पन्न 5 अब्ज डॉलरच्या आसपास आणि त्यातले नव्वद टक्क्यांच्या जवळपास जाहिरातींचे, तेही मुख्यतः मोठ्या ब्रँडचे. ब्रँडला लगेच विक्री नको असते, नाव चांगल्या शेजारात दिसायला हवं असतं. ऑक्टोबर 2022 मध्ये इलॉन मस्क यांनी 44 अब्ज डॉलरला कंपनी घेतली आणि आठवड्याभरात निम्मी माणसं काढली. त्यात मजकुरावर नजर ठेवणारे होते, जाहिरातदारांचे फोन उचलणारेही होते. मग खातं खरं असल्याची खूण मानली जाणारी ब्लू टिक पैसे भरून मिळू लागली. कुणीतरी एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने खातं काढून ‘इन्सुलिन फुकट’ असं जाहीर केलं. कंपनीला माफी मागत खुलासा करावा लागला. असा एक स्क्रीनशॉट मार्केटिंगप्रमुखाच्या टेबलावर आला की पुढच्या तिमाहीचं बजेट तिथेच थांबतं.

जुलै 2023 मध्ये जाहिरातींचं उत्पन्न जवळपास निम्म्यावर आल्याचं मस्क यांनीच सांगितलं. नोव्हेंबरात आयबीएम, अ‍ॅपल, डिस्ने यांनी जाहिराती थांबवल्या, तेव्हा मस्क यांनी जाहीर व्यासपीठावरून जाहिरातदारांना शिवी हासडली. 2024 मध्ये एक्सने जाहिरातदारांच्या संघटनेवर खटला भरला. काही ब्रँड नंतर परतले. पण गिऱ्हाईक कोर्टाच्या भीतीने परत आलंय की आपखुशीने, हा संशय उरतोच.

चौकश्या किंवा थेट विक्री हवी असेल तर मी बजेटचा मोठा भाग मेटालाच देईन. मात्र सगळी भिस्त त्यांच्या मोजमापावर ठेवणार नाही. आलेल्या ग्राहकाला ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ हे स्वतः विचारीन. तुमचा ग्राहक बातम्या, तंत्रज्ञान, राजकारण यात रमणारा असेल तर एक्स अजूनही कामाचं आहे. तिथे उतरण्याआधी एजन्सीला दोनच गोष्टी विचारा: आपली जाहिरात कशाच्या शेजारी दिसणार, आणि काही बिनसलं तर रविवारी रात्री फोन कोण उचलणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमाल आलं तर कॅम्पेन महिन्याभराचंच ठेवा.