लायसिमॅकस घ्यावा की टॉलेमी?

संग्रहातलं पहिलं हेलेनिस्टिक (अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजांच्या काळातलं) चांदीचं नाणं घ्यायचंय, पैसे एकापुरतेच आहेत आणि समोर या दोन राजांची नाणी: थ्रेसचा लायसिमॅकस आणि इजिप्तचा टॉलेमी. दोघेही अलेक्झांडरचे सरदार. इ.स.पू. 323 मध्ये तो बाबिलोनला वारला, आणि पुढे राजे म्हणवून घेणाऱ्या या दोघांत राजघराण्याचं रक्त नव्हतं. मग लोकांनी राजा का मानावं? दोघांच्या नाण्यांवर या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी आहेत.

लायसिमॅकसने इ.स.पू. 297च्या सुमारास चेहराच उसना घेतला. नाण्याच्या पुढच्या बाजूला अलेक्झांडर, कानाभोवती वळलेलं आमोन या इजिप्शियन देवाचं मेंढ्याचं शिंग, नजर वर लागलेली. मागे बसलेली ग्रीक देवी अथेना, तिच्या हातावर चिमुकली विजयदेवता. भिंगातून बघा, ती हार घालतेय तो शेजारी कोरलेल्या ‘लायसिमॅकस’ या नावाला! मुखडा मालकाचा, सत्कार आपला. देखणेपणात याला तोड नाही, वजनही भरघोस, सुमारे 17 ग्रॅम.

टॉलेमीनेही सुरुवात उसनवारीनेच केली. अलेक्झांडरचं शव वाटेतून पळवून इजिप्तला नेणारा हाच, आणि त्याच्या सुरुवातीच्या नाण्यांवर हत्तीचं कातडं डोक्यावर घेतलेला अलेक्झांडरच आहे. राजा झाल्यावर मात्र त्याने स्वतःचं तोंड छापलं: बाकदार नाक, पुढे आलेली हनुवटी, खुशामत अजिबात नाही. मागे वज्रावर उभा गरुड. नाणं जेमतेम 14 ग्रॅमचं, पण इजिप्तमध्ये जड परदेशी नाणं देऊन हेच घ्यावं लागे. फरकाची चांदी राजाच्या खिशात.

खरेदीतली गोम अशी की लायसिमॅकस इ.स.पू. 281 मध्ये लढाईत पडला, तरी बायझँटियमसारखी (आजचं इस्तंबूल) शहरं पुढे सुमारे दोनशे वर्षं त्याच्या नावाने नाणी पाडत राहिली. ती स्वस्त मिळतात, पण चेहरे ढोबळ. टॉलेमीचं दुखणं वेगळं. त्याचे वंशजही टॉलेमीच, आणि थेट क्लिओपात्रापर्यंत चांदीवर बहुतेक याच म्हाताऱ्याचा चेहरा. ज्याने उसना चेहरा टाकला, त्याचाच चेहरा नातवंडा-पतवंडांनी उसना घेतला.

नुसतं सौंदर्य हवं असेल तर लायसिमॅकस घ्या, पण हयातीतला. मी टॉलेमी घेईन, त्यावर त्या काळच्या सराफांनी चांदी तपासताना केलेले घाव असले तरी. पहिल्या टॉलेमीच्या बऱ्याच नाण्यांवर कानामागे सुईच्या टोकाएवढं डेल्टा (Δ) हे ग्रीक अक्षर असतं. विक्रेत्याकडून त्या जागेचा मोठा फोटो आधी मागवा.