ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल: डबीची मागची बाजू आधी वाचा

कपभर चहातून थोडंथोडं पोटात जातं, ते या कॅप्सूलमधून एकदम जातं. चहाच्या पानातली कॅटेचिन नावाची संयुगं, त्यातही ईजीसीजी हे कॅटेचिन, हाच यातला मुख्य घटक. गुणही त्याचे आणि धोकाही त्याचाच.

समोर ठळक छापलेले ५०० मिग्रॅ हा अर्काचा आकडा, ईजीसीजीचा नव्हे. मागे बारीक अक्षरांत ४५% ईजीसीजी लिहिलं असेल, तर एका कॅप्सूलमध्ये २२५ मिग्रॅ. दिवसाला चार घेतल्या की ९००! युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्येच सांगितलं होतं, की पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिग्रॅ किंवा त्याहून जास्त ईजीसीजी घेतलं तर यकृताच्या तपासणीतले आकडे वाढू शकतात. २०२२ मध्ये युरोपियन संघाने रोजची मात्रा ८०० च्या आत ठेवण्याचा नियम केला. काही डब्यांवर नुसतं ‘९८% पॉलिफेनॉल’ असतं; हा कॅटेचिनसकट अनेक संयुगांचा मोठा गट. त्यावरून ईजीसीजी किती ते कळत नाही, म्हणून अशी डबी सरळ परत ठेवावी.

घ्यायची कधी, इथे खरी पंचाईत आहे. उपाशीपोटी घेतली तर ईजीसीजी रक्तात जास्त उतरतं, मळमळतं आणि यकृतावरचा ताणही वाढतो. जेवणासोबत घेतली तर हीच कॅटेचिन वनस्पतीजन्य अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन कमी असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि यकृताचा त्रास असणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. रक्तदाबासाठी नॅडोलॉल घेणाऱ्यांनीही नाही, कारण ग्रीन टीमुळे ते औषध रक्तात कमी पोचतं. कॅप्सूल चालू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना डबी दाखवावी.

वजन उतरवण्यासाठी म्हणून घेत असाल, तर चाचण्यांत दिसलेला फरक फारच किरकोळ आहे. तेवढ्यासाठी यकृत पणाला लावू नये.

त्यापेक्षा साधी पानं बरी. २०० मिली पाण्याला २ ग्रॅम पान, पाणी ७५ ते ८० अंश, दोन-तीन मिनिटं झाकून ठेवायचं. उकळतं पाणी ओतलं की चहा कडूजहर होतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं की लोहाची अडचणही बरीचशी सुटते.