रिकाम्या रकान्याचा जाब विचारणारी प्रणाली : ‘आर’चा सहा वर्षांचा अनुभव

साताऱ्यातील एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि दर पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन, रीतसर परवानगी काढून, कास पठारावर फुलझाडांच्या नोंदी घेतो. या नोंदींच्या विश्लेषणासाठी गेली सहा वर्षे मी ‘आर’ ही संख्याशास्त्रीय प्रणाली वापरत आहे. ती विनामूल्य आहे, एवढ्याच कारणाने मी तिच्याकडे वळलो होतो, हे आधीच कबूल करतो. त्यापूर्वी आमचे विद्यार्थी प्रबंध टंकून देणाऱ्या एका दुकानात आकड्यांची फाइल देत आणि चार दिवसांनी पैसे मोजून छापील तक्ते घेऊन येत. तक्ते देखणे असत. पण हीच चाचणी का लावली, असे तोंडी परीक्षेत विचारले की विद्यार्थी माझ्याकडे पाहत आणि मी खिडकीबाहेर पाहत असे.

ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही प्रणाली लिहायला घेतली आणि तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. तिला जोडता येणारी वीस हजारांहून अधिक पॅकेजेस ‘क्रॅन’ या भांडारात मोफत मिळतात. त्यांपैकी आमच्या रोजच्या उपयोगाचे पॅकेज म्हणजे ‘व्हीगन’. या नावाचा आहाराशी काही संबंध नसून ते ‘व्हेजिटेशन ॲनालिसिस’चे लघुरूप आहे, हे दरवर्षी नव्या तुकडीला सांगावे लागते.

‘आर’चा खरा गुण मला कळला तो सोनकीच्या एका तक्त्यामुळे. एक मीटर बाजूच्या बारा चौकटी आखून प्रत्येकीतील सोनकीची रोपे मोजायची होती. वहीत चार चौकटींपुढे १४, ६, ११ आणि ५ असे आकडे होते, तर उरलेले आठ रकाने रिकामे होते. हाच तक्ता नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये भरून सरासरी काढली, तेव्हा रिकामे रकाने गुपचूप वगळले गेले आणि उत्तर ९ आले. ‘आर’मध्ये तीच सरासरी मागितली, तर आकड्याऐवजी ‘एनए’ (‘नॉट अव्हेलेबल’, म्हणजे नोंद उपलब्ध नाही) ही दोन अक्षरे आली. विद्यार्थिनीला वाटले, प्रणाली बिघडली. बिघडले काहीच नव्हते. या आठ जागांचे काय समजायचे ते तुम्ही सांगा, त्याशिवाय मी उत्तर देणार नाही, एवढेच प्रणालीचे म्हणणे होते.

मग पावसाने फुगलेली मूळ वही काढून दोघांनी एकेक पान तपासले. आठांपैकी पाच चौकटींत सोनकी खरोखरच नव्हती, म्हणजे तिथे शून्य हवे होते. उरलेल्या तीन चौकटी धुके दाटल्यामुळे मोजताच आल्या नव्हत्या. आठही जागी शून्य धरले असते तर सरासरी ३ आली असती आणि सगळे रिकामे रकाने वगळले तर ९; खरी सरासरी मोजलेल्या नऊ चौकटींची, म्हणजे ४ होती. एकाच वहीतून तीन उत्तरे निघतात आणि त्यांपैकी योग्य कोणते हे संगणकाला नव्हे, पठारावर उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक असते. अर्थात, ‘एनए’ वगळण्याची सूचना डोळे झाकून दिली, तर ‘आर’ही निमूटपणे ९ हेच उत्तर देते. मात्र ती सूचना आज्ञावलीत लिहिलेली राहते, आणि मार्गदर्शकाला त्या ओळीवर बोट ठेवता येते.

दुसरा अनुभव नावांचा. एका वर्षी आमच्या यादीत ४७ प्रजाती भरल्या आणि आम्ही खूश झालो. प्रत्येक नाव किती वेळा आले ते मोजणारी ‘टेबल’ ही आज्ञा दिल्यावर तेरड्याचे एकच शास्त्रीय नाव दोन ओळींत दिसले. एका ठिकाणी नावाच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारी मोकळी जागा टंकली गेली होती. अशी तीन नावे निघाली आणि प्रजाती ४४वर आल्या. स्प्रेडशीटने आमच्या ‘३-९’ या चौकट-क्रमांकाची तारीख करून टाकली होती, ती गोष्ट वेगळीच. पण या बाबतीत आम्ही एकटे नाही: मार्च-१ आणि सेप्ट-२ यांसारख्या मानवी जनुकांच्या नावांच्या तारखा होऊ लागल्यामुळे नामकरण समितीने अखेर २०२०मध्ये ती नावेच बदलल्याचे जाहीर केले.

दोष सांगायचे तर पहिला दोष भाषेचा. ‘ऑब्जेक्ट ऑफ टाइप क्लोजर इज नॉट सबसेटेबल’ हा संदेश वाचून खटाव-माणमधून आलेल्या मुलानेच काय, इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलानेही काय बोध घ्यावा? बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो की तक्त्याला ‘डेटा’ असे नाव द्यायचे ठरवले, तो उघडायचा राहिला, आणि ‘डेटा’ नावाची एक आज्ञा प्रणालीत आधीपासूनच आहे. दुसरा दोष अधिक घातक आहे. बारा आकड्यांच्या रांगेत चार आकड्यांची रांग मिळवली, तर ‘आर’ लहान रांग तीनदा फिरवून बेरीज करून देते आणि सावधगिरीचा शब्दही काढत नाही. रिकाम्या रकान्यावर अडून बसणाऱ्या प्रणालीने इथे मात्र गप्प राहावे, हे मला आजही खटकते. आलेखांवर मराठी नावे हवी असतील, तर साध्या पद्धतीने काढलेल्या पीडीएफमध्ये देवनागरीच्या जागी ठिपके उमटतात. त्यासाठी ‘कैरो’ या चित्रे काढणाऱ्या सॉफ्टवेअरची वेगळी आज्ञा द्यावी लागते आणि त्यानंतरही जोडाक्षरे तपासून घ्यावी लागतात.

‘व्हीगन’मधील क्रमचय-चाचणी दर वेळी किंचित वेगळे ‘पी’ मूल्य (प्रत्यक्षात फरक नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) देते, यानेही विद्यार्थी धास्तावतात. ही चाचणी नोंदींची अदलाबदल यादृच्छिकपणे, सहसा ९९९ वेळा, करते. ‘सेट सीड’ ही आज्ञा आधी दिली की तेच उत्तर पुन्हा मिळते.

चौकटच चुकीची आखली असेल, तर मात्र कोणतीही प्रणाली कामाला येत नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीक-कापणीच्या प्रयोगांत हेच दाखवून दिले होते: कापणीचा तुकडा लहान असला की काठावरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते. एक मीटर बाजूच्या चौकटीत दर चौरस मीटरला चार मीटर काठ येतो, पाच मीटर बाजूच्या चौकटीत जेमतेम ८० सेंटिमीटर. त्यामुळे दोरीवरचे गेंदाचे झाड आत की बाहेर, याचा नियम आम्ही आता पठारावर जाण्यापूर्वीच ठरवतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘आर’सोबत आज्ञा लिहिणे सोपे करणारे ‘आरस्टुडिओ’ही बसवून घ्यावे, आमच्यासारख्या छोट्या तक्त्यांना चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही पुरतो. पहिले दोन महिने चिडचिड होईल, हे गृहीत धरावे. दहा-बारा आकड्यांची एकदाच सरासरी काढायची असेल, तर एवढा खटाटोप करू नये, कॅल्क्युलेटर घ्यावा. आमच्या विभागात मात्र आता प्रबंधासोबत मूळ नोंदींची फाइल आणि आज्ञावली जोडल्याशिवाय मी सही करत नाही, आणि वहीत रिकामा रकाना ठेवायला परवानगी नाही: शून्य लिहायचे, नाहीतर ‘धुके’ असे लिहायचे.